अर्धा तास, एकही शब्द नाही

देवळाली कॅम्पात राहणाऱ्यांच्या कानांना तोफांची सवय असते. तोफखाना विद्यालयाच्या रेंजवर सराव सुरू झाला की खिडक्यांची तावदानं थरथरतात, नवा पाहुणा दचकतो आणि घरातलं माणूस चहा गाळत राहतं. अशाच एका दुपारी, लॅम रोडवरच्या एका घरात दूरचे बार ऐकू येत असताना, मी पहिल्यांदा ‘रिफिफी’ पाहिला. १९५५ सालचा फ्रेंच चित्रपट, कृष्णधवल, पॅरिसमधल्या एका घरफोडीचा. त्यातला मधला सुमारे अर्धा तास सुरू झाला तेव्हा मी उठून खिडकी लावून घेतली, कारण त्या अर्ध्या तासात पडद्यावर कुणी एक शब्दही बोलत नाही. पार्श्वसंगीतही नाही. चार माणसं रात्रभर काम करतात आणि आपण श्वास रोखून बसतो.

हा चित्रपट मनात घर करून राहिला त्याला देवळालीचंही एक कारण आहे. इंग्रजी भाषेला या गावाने एक शब्द दिला आहे: ‘डूलॅली’. अर्थ, डोकं फिरलेला. ब्रिटिश काळात, १८६१ पासून, इथे फौजेचा तळ होता. हिंदुस्थानातली नोकरी संपलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी जाण्याआधी इथे आणून ठेवत. फौजेची जहाजं हिवाळ्याच्या मोसमातच सुटत. ज्याची मुदत मोसम संपल्यावर भरली, त्याला महिनोन् महिने इथेच थांबावं लागे. काम नाही, लढाई नाही, वर उन्हाळा आणि मग पावसाळा. माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागत. त्याला शिपाई ‘डूलॅली टॅप’ म्हणत, आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला साधा ताप. देवळालीचा ताप! पुढे बीबीसीने १९७४ ते १९८१ या काळात याच तळावरच्या करमणूक पथकावर एक विनोदी मालिका केली, तीही इंग्लंडात खूप गाजली. मला मात्र त्या शब्दामागची गोष्ट नेहमी गंभीर वाटत आली आहे. वाट पाहणं हे जगातल्या अवघड कामांपैकी एक आहे, आणि ते ज्याला जमतं तोच शेवटी पोचतो. ‘रिफिफी’ हा वाट पाहण्यावरचा चित्रपट आहे. त्याच्याशी अगदी जवळचं नातं सांगणारी एक खरी गोष्ट आपल्या मुंबईत आणि गोव्यात घडली, तीही वाट पाहण्याचीच.

आधी चित्रपट. ऑग्युस्त ल ब्रेताँ याच्या १९५३ च्या कादंबरीवरून तो निघाला. दिग्दर्शक ज्यूल्स दासँ. नाव फ्रेंच वाटतं, पण माणूस अमेरिकन, कनेटिकट राज्यात १९११ साली जन्मलेला. ‘नेकेड सिटी’सारखे चित्रपट त्याने हॉलिवूडमध्ये केले होते. मग मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या काळात सहकाऱ्यांनी कम्युनिस्ट म्हणून त्याचं नाव सांगितलं, तो काळ्या यादीत गेला आणि काम बंद झालं. तो युरोपात आला, तिथेही वर्षानुवर्षं रिकामा बसला, कारण ज्याच्या चित्रपटाला अमेरिकेत बाजार नाही त्याच्यावर पैसा लावणार कोण? शेवटी एका निर्मात्याने कमी पैशात ही कादंबरी करायला दिली. दासँला ती आवडली नव्हती. पण पोटाचा प्रश्न होता.

कादंबरीत घरफोडीला थोडीच पानं आहेत. दासँने तीच पानं उचलली आणि चित्रपटाचा पाव भाग त्यांना दिला. त्याच्या प्रतिभेची खूण मला इथेच दिसते. दुसऱ्या कुणी मारामारी वाढवली असती, त्याने काम वाढवलं.

पॅरिसच्या रू द रिव्होलीवर एका नामांकित जवाहिऱ्याचं दुकान आहे. तिथे बसवलेला भोंगा इतका नाजूक की जराशा हादऱ्यानेही वाजावा. टोळीतले चौघे आधी तसाच भोंगा मिळवतात आणि त्याच्यावर प्रयोग करत बसतात. त्याला गप्प कसं करायचं? उत्तर सापडतं ते आग विझवायच्या नळकांड्यात. त्यातला फेस भोंग्यात भरला की त्याचा आवाज घशातच अडकतो. मग रात्री ते दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या घरात शिरतात, राहणाऱ्यांना बांधून ठेवतात, गालिचा गुंडाळतात आणि जमीन फोडायला घेतात. पायांत आवाज न करणारी पादत्राणं. हातोडी-छिन्नीचा प्रत्येक घाव मोजून. पहिलं बारीकसं भोक पडलं की त्यातून एक मिटलेली छत्री खाली सोडतात आणि खालच्या बाजूला ती उघडतात. आता फोडलेला चुना आणि विटांचे तुकडे खाली फरशीवर न पडता त्या उलट्या छत्रीत साठत जातात. केवढी साधी युक्ती! आपल्याकडे वर्तमानपत्रांत ‘भगदाड पाडून चोरी’ असं रोज छापून येतं, पण भगदाड पाडणं म्हणजे नेमकं किती तासांचं, किती घामाचं आणि किती भीतीचं काम आहे ते या छत्रीने मला दाखवलं.

भगदाड पुरेसं मोठं झालं की दोरीने खाली उतरतात. भोंग्यात फेस जातो. तिजोरी आडवी पाडतात आणि तिच्या पाठीला भोक पाडतात, कारण तोंड बळकट असलं तरी पाठ तेवढी बळकट नसते. कुणाला खोकला आला, कुणाचा हात पियानोच्या पट्टीवर पडला, की आपल्या पोटात गोळा येतो. घड्याळ पुढे सरकतं आणि पहाट होते.

या प्रसंगासाठी संगीतकार जॉर्ज ऑरिक याने संगीत लिहूनही ठेवलं होतं. दासँने त्याला प्रसंग दोन्ही तऱ्हांनी दाखवला, संगीतासह आणि संगीताशिवाय. पाहून झाल्यावर संगीत नकोच, असं ऑरिकनेच मान्य केलं. स्वतःची मेहनत स्वतः काढून टाकणं हे फार मोठ्या कलावंतालाच जमतं. तिजोरी फोडणाऱ्या इटालियन सेझारची भूमिका दासँने स्वतःच केली, दुसऱ्या नावाने. पुढे हाच सेझार एका गायिकेला चोरीतली अंगठी देऊन बसतो आणि तिथून सगळ्यांचा नाश सुरू होतो. मार पडल्यावर तो साथीदाराचं नाव सांगतो आणि टोळीचा म्होरक्या त्याला गोळी घालतो. नाव सांगणाऱ्यांमुळेच ज्याचं आयुष्य उद्ध्वस्त झालं, त्या दिग्दर्शकाने पडद्यावर नाव सांगणाऱ्याची भूमिका स्वतः घेतली. हे कळल्यावर तो प्रसंग मला निव्वळ गुन्हेपट म्हणून पाहताच आला नाही. १९५५ च्या कान महोत्सवात दासँला उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार विभागून मिळाला.

फ्रेंचांना देखण्या चोराचं वेड जुनं आहे. मॉरिस लब्लाँ याने १९०५ साली आर्सेन ल्युपाँ हा सभ्य दरोडेखोर एका मासिकात आणला. उंची कपडे, हजार वेशांतरं, पोलिसांच्या हातावर तुरी देण्यात पटाईत. गंमत म्हणजे त्याची पहिलीच कथा त्याच्या अटकेची आहे. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या काळापहाड आणि झुंजार यांनी हीच भूक भागवली. हजाराच्या वर पुस्तकं अर्नाळकरांनी लिहिली आणि मराठी घराघरांत ती उशीखाली लपवून वाचली गेली. १९७० मध्ये ज्याँ-पियेर मेलव्हिलने ‘ल सर्कल रूज’ काढला. त्यातही अलँ दलाँ आणि साथीदार पॅरिसच्या प्लास व्हाँदोममधलं जवाहिऱ्याचं दुकान रात्री फोडतात, आणि तोही लांबलचक प्रसंग जवळजवळ मुका आहे. ‘रिफिफी’ आधी मेलव्हिलच करणार होता. तो दासँकडे गेला, आणि आपली घरफोडी पडद्यावर आणायला मेलव्हिलला पुढची पंधरा वर्षं थांबावं लागलं.

मेलव्हिलचा तो चित्रपट पॅरिसला लागल्यावर एका वर्षाने, १९७१ च्या ऑक्टोबरात, नवी दिल्लीच्या अशोका हॉटेलात काही जण एका खोलीची जमीन फोडत होते. खाली जवाहिऱ्याचं दुकान होतं. वरच्या खोलीत उतरलेल्या अमेरिकन नर्तकीला त्यांनी ओलीस धरलं होतं. बेत हुबेहूब ‘रिफिफी’तला, वरून खाली. पण ही जमीन काही केल्या दाद देईना. अशोका ही १९५६ साली युनेस्कोच्या परिषदेसाठी उभारलेली भक्कम सरकारी इमारत. भगदाड पडत नाही म्हटल्यावर त्यांनी सोपा आणि नीच मार्ग धरला. त्या स्त्रीलाच धाक घालून, दागिने पाहायचे आहेत असा बहाणा करून जवाहिऱ्याला माल घेऊन वर बोलवायला लावलं आणि लुटलं. या टोळीचा म्होरक्या फ्रेंच नागरिक होता. नाव चार्ल्स शोभराज.

६ एप्रिल १९४४ रोजी सायगावात जन्म. आई व्हिएतनामी, वडील सिंधी. आईने पुढे एका फ्रेंच अधिकाऱ्याशी संसार मांडला आणि मुलाचं वाढणं फ्रान्सशी जोडलं गेलं. उत्तम कपडे, अनेक भाषा, खोटे पासपोर्ट आणि समोरच्याला बोलण्यात गुंगवण्याची विद्या. ती अपुरी पडली की गुंगीचं औषध. जगाने त्याला ‘सर्प’ असं नाव दिलं.

दिल्लीची लूट करून तो मुंबईत आला. आणि इथे गोष्टीत मधुकर झेंडे येतात. मुंबई पोलिसांतले हे मराठी अधिकारी. काही परदेशी लोक मुंबईत मोठा हात मारायच्या तयारीत आहेत, अशी खबर त्यांना खबऱ्याकडून मिळाली. झेंडे आणि सहकाऱ्यांनी ताजमहाल हॉटेलच्या परिसरात साध्या वेशात पाळत ठेवली. नोव्हेंबर १९७१ मध्ये सुटाबुटातला शोभराज त्यांच्या हाती लागला. खिशातल्या पावत्यांवरून साथीदारांच्या खोल्या सापडल्या, खोल्यांत शस्त्रं सापडली. त्याला दिल्लीच्या गुन्ह्यासाठी तिकडे पाठवण्यात आलं. तिथे अपेंडिक्सचं दुखणं पुढे करून तो रुग्णालयात दाखल झाला आणि निसटला.

त्यानंतरची पाच वर्षं मी देखण्या शब्दांत लिहू शकत नाही. थायलंड, नेपाळ, भारत या वाटेवर हिंडणाऱ्या तरुण, भोळ्या परदेशी प्रवाशांशी मैत्री करायची, औषध घालायचं, पैसे आणि पासपोर्ट काढून घ्यायचे. कित्येकांचे जीव गेले. नेपाळमधल्या १९७५ च्या दोन खुनांबद्दल पुढे तिथल्या न्यायालयांनी त्याला दोषी ठरवलं, एक तरुणी अमेरिकेची, एक तरुण कॅनडाचा. १९७६ साली दिल्लीच्या विक्रम हॉटेलात त्याने फ्रेंच पर्यटकांच्या एका गटाला पोटाच्या विकारावरचं औषध म्हणून गुंगीच्या गोळ्या दिल्या. काही जण अपेक्षेपेक्षा फार लवकर कोसळले, बाकीच्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनीच त्याला धरलं. बारा वर्षांची शिक्षा झाली. मुक्काम तिहार.

खरी लूट पडद्यावरच्या घरफोडीपासून किती दूर असते हे सांगणारा आमच्या भागातला एक गुन्हा इथे आठवतो. देवळालीहून नाशिकरोडला जाताना सरकारी प्रेसची भिंत लागते. आत टपाल तिकिटं आणि मुद्रांक छापले जातात, शेजारी नोटा. या भागातल्या माणसाला लहानपणापासून ती भिंत म्हणजे अभेद्य तिजोरी वाटते. पण अब्दुल करीम तेलगीने तिला भगदाड पाडलंच नाही. प्रेसने मोडीत काढलेली यंत्रं त्याने मिळवली आणि बनावट मुद्रांकांचा धंदा देशभर पसरवला. २००१ मध्ये अजमेरला अटक, पुढे तीस वर्षांची सक्तमजुरी, २०१७ मध्ये कैदेतच मृत्यू. छत्री नाही, दोरी नाही, फेस नाही. खऱ्या जगातली मोठी चोरी बहुधा अशी रुक्ष असते.

शोभराज मात्र तिहारमध्ये स्वस्थ बसला नाही. १६ मार्च १९८६ रोजी त्याने तुरुंगातल्या पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई वाटली आणि आणखी काही कैद्यांसह दारातून बाहेर चालत गेला. देशभर खळबळ उडाली. शिक्षा संपत आली असताना तो पळाला का? सर्वत्र मानलं जाणारं उत्तर असं की सुटका झाली असती तर त्याला थायलंडच्या ताब्यात देण्यात येणार होतं, आणि तिथे मृत्युदंडाची भीती होती. पळून पुन्हा पकडलं गेलं की भारतातली कैद वाढते, आणि तेवढ्यात थायलंडच्या वॉरंटची मुदत संपते. पुढे घडलं ते तसंच.

मुंबई पोलिसांनी पुन्हा झेंड्यांना बोलावलं. पंधरा वर्षांपूर्वी त्याला पकडलेला माणूस चेहरा ओळखणार, एवढा साधा विचार. माग गोव्यात गेला. गोवा तेव्हा राज्य नव्हतं, केंद्रशासित प्रदेश होता, आणि मुंबईची ही तुकडी तिथे जवळजवळ अनोळखी होती. झेंड्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितलं आहे की शोभराजला परदेशी फोन लावायचा असणार हे त्यांनी ताडलं, आणि तशी सोय त्या काळी मोजक्याच ठिकाणी होती. पर्वरीचं ‘ओ कोकेरो’ हे त्यांतलं एक. पणजीहून म्हापशाच्या वाटेवरचं हे खानावळवजा रेस्टॉरंट, खुल्या अंगणात टेबलं मांडलेली. तुकडी तिथे जाऊन बसली. जेवणाऱ्यांसारखं जेवायचं, गप्पा मारायच्या, आणि दाराकडे पाहत राहायचं. एक दिवस, दोन दिवस, किती दिवस ते कुणालाच ठाऊक नसतं.

हा प्रसंग मी जेव्हा जेव्हा मनात आणतो, तेव्हा मला ‘रिफिफी’तला अर्धा तास दिसतो. तीच शांतता. तेच नुसत्या डोळ्यांनी चाललेलं बोलणं, तोच एका चुकीचा धाक. फरक इतकाच की इथे ती कारागिरी पोलिसांच्या हातात आहे. पडद्यावरच्या चोरांचं जे आपल्याला मोहून टाकतं, म्हणजे संयम, तयारी, एकमेकांवरचा विश्वास, ते शोभराजच्या टोळीत कधीच नव्हतं. अशोकात त्यांचा धीर सुटला आणि ते एका स्त्रीला धमकावू लागले. तो धीर पर्वरीत चार टेबलांवर बसलेल्या, भत्ता मोजून खर्च करणाऱ्या मराठी पोलिसांकडे होता.

६ एप्रिल १९८६ च्या रात्री शोभराज साथीदारासह तिथे आला. झेंड्यांनी उठून त्याला नावाने हाक मारली आणि घट्ट मिठीत धरलं. जवळ बेड्या नव्हत्या. हॉटेलातूनच दोरी मागवून त्याचे हात बांधले गेले. ‘मुसक्या आवळल्या’ हा वर्तमानपत्री वाक्प्रचार त्या रात्री अक्षरशः खरा ठरला. तो दिवस शोभराजच्या बेचाळिसाव्या वाढदिवसाचा होता.

पुढचं थोडक्यात. १९९७ च्या फेब्रुवारीत त्याची भारतातून सुटका झाली, तो फ्रान्सला गेला आणि मुलाखतींचे पैसे घेऊ लागला. २००३ मध्ये, कुणाला कळू नये असा हेतू असता तर ज्या देशात तो कधीच गेला नसता त्या नेपाळमध्ये गेला आणि काठमांडूच्या एका कॅसिनोत पकडला गेला. जन्मठेप झाली. वय आणि प्रकृतीचं कारण देऊन २३ डिसेंबर २०२२ रोजी त्याला सोडून फ्रान्सला पाठवण्यात आलं.

त्याच्यावर चित्रपट निघत राहिले. २०१५ चा ‘मैं और चार्ल्स’, २०२१ ची ‘द सर्पंट’ ही मालिका. यांत तो सुंदर दिसतो, सिगारेट शिलगावतो, आणि ज्यांना त्याने विष घातलं ती पोरं-पोरी पार्श्वभूमीला राहतात. मला याचा खरोखर त्रास होतो. दासँने आपल्या चोरांना देखणं दाखवलं, पण त्यांच्यातल्या एकालाही लुटीचं सुख मिळू दिलं नाही. शेवटी म्होरक्या मरत मरत एका लहान मुलाला घरी पोचवण्यासाठी पॅरिसच्या रस्त्यांवरून मोटार हाकतो, आणि ते मूल खेळण्यातली बंदूक घेऊन हसत असतं. त्या दृश्यानंतर कुणालाही चोर व्हावंसं वाटणार नाही. त्यामुळे चिन्मय मांडलेकरांनी २०२५ मध्ये ‘इन्स्पेक्टर झेंडे’ काढला आणि मनोज बाजपेयींनी झेंड्यांची भूमिका केली, तेव्हा मला फार समाधान वाटलं. चित्रपट हलकाफुलका आहे, नावंही थोडी बदललेली आहेत, पण कॅमेरा पहिल्यांदाच दाराकडे पाहत बसलेल्या माणसावर लागला. मधुकर झेंडे १९९६ मध्ये सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले.

वाचकांना एक विनंती. ‘रिफिफी’ मिळवून पाहा. फ्रेंच येत नसलं तरी बिघडत नाही, त्या अर्ध्या तासाला भाषाच लागत नाही. घरातल्या थोरल्या माणसांनाही शेजारी बसवा आणि तेवढा वेळ मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

आणि पर्वरीची एक गोष्ट. ‘ओ कोकेरो’त, जिथे अटक झाली तिथे, आठवण म्हणून एक पुतळा बसवण्यात आला. टेबलाशी खुर्चीवर बसलेला माणूस, आणि पर्यटक त्याच्या शेजारी बसून फोटो काढून घेत. तो पुतळा शोभराजचा होता. त्या खुर्चीवर झेंडे हवे होते.